विचारा बिनधास्त : पर्समधला घडीचा चाकू

मागच्या अंकात रात्रीच्या प्रवासावर एका वाचक ताईंना उत्तर देताना मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की पर्समधे चाकू ठेवणार असाल तर आधी नीट विचार करा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या वेळी बाकी सगळे विषय (सोसायटीचं पार्किंग, मृत्युपत्र, भाडेकरू) पुढे ढकललेत. बऱ्याच जणांचा सूर एकच आहे, "मग आम्ही करायचं काय?" राग समजू शकते. नावं छापत नाही, गावं छापतेय.

प्रश्न (डोंबिवली) : ताई, मी नर्स आहे. सेकंड शिफ्ट संपवून साडेअकराच्या आसपासची लोकल पकडते, स्टेशनवरून घर पंधरा मिनिटं चालत, रिक्षा मिळाली तर मिळाली. नवऱ्याने ऑनलाइन फोल्डिंग चाकू मागवून दिलाय, पातं तीनेक इंच असेल. तो म्हणतो नऊ इंचाच्या आत म्हणजे लीगल, व्हॉट्सॅपवर पण तेच फिरतंय. सासूबाई म्हणतात पोलीस पकडतील. कोण बरोबर?

दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. ते नऊ इंच कुठून आलं आधी बघू. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम पूर्वी १९६२ चे होते, आता २०१६ चे आहेत, त्यात धारदार हत्यारांची एक यादी आहे, तलवार, खंजीर, भाला, कुकरी वगैरे, आणि तिथे म्हटलंय की पातं नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद असेल तर ते त्यात धरायचं, घरकाम, शेती, कारखाना अशा कामासाठी बनवलेली अवजारं सोडून. म्हणजे तुमच्या नवऱ्याने वाचलंय ते खोटं नाही. व्हॉट्सॅपवाल्यांनी एवढंच वाचलं आणि पुढचं पान उलटलंच नाही.

पुढचं पान आपल्या राज्याचं आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चा, जुने लोक अजून बॉम्बे पोलीस ऍक्टच म्हणतात. त्याच्या कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, पेपरात "शस्त्रबंदी व जमावबंदी लागू" अशी छोटी बातमी येते ना, तीच. गणपती, दहीहंडी, निवडणूक, कुठलं आंदोलन, कारण काहीही असू शकतं, आणि मोठ्या शहरांमधे वर्षातला बराच काळ असा कुठला ना कुठला आदेश चालूच असतो. त्यात बंदी कशावर, तर तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्याकाठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू. इंचाचा विषयच नाही! तो आदेश मोडला तर कलम १३५, एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि कोर्टाने वेगळं कारण लिहून ठेवलं नाही तर चार महिन्यांच्या खाली शिक्षा नाही. गुन्हे वृत्तात "हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१), १३५" अशी जोडगोळी दिसते, त्यातला पहिला भाग म्हणजे वरचा शस्त्र कायदा आणि दुसरा हा.

मग तुम्हाला उद्या स्टेशनवर धरतील का? खरं सांगायचं तर डबा, छत्री आणि हॉस्पिटलचं आयकार्ड असलेल्या बाईची पर्स कोणी सहसा उलटीपालटी करत नाही. पण नाकाबंदीत किंवा बॅग तपासताना तो निघालाच तर पोलीस पट्टी घेऊन पातं मोजत बसत नाही, तो विचारतो, "हे कशाला?" आणि "स्वतःच्या बचावासाठी" हे जे उत्तर आपल्याला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, त्यातून तुम्ही स्वतःच सांगता की ही वस्तू माणसावर वापरायला ठेवलीय. फळं कापायला ठेवलाय असं सांगायचा सल्ला तीन वाचकांनी दिलाय, तो कृपया घेऊ नका. खोटं एकदा जबाबात गेलं की पुढचं खरंही कोणी ऐकत नाही, क्रिमिनल कोर्टात प्रॅक्टिस करताना मी हे बघत आलेय.

कायदा एक वेळ बाजूला ठेवू, कारण माझा मुख्य आक्षेप कायद्याचा नाहीच. तो चाकू तुम्हाला हवा तेव्हा हातात येणार नाही, हा आहे. घरी एकदा करून बघा. पर्स खांद्याला, आत पाण्याची बाटली, डबा, चार्जर, किल्ल्या, आणि कोणाला तरी मागून तुमचा दंड पकडायला सांगा, मग चाकू काढा आणि उघडा. साध्या घडीच्या चाकूला पात्यावर नखाची खाच असते, ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ओढावी लागते, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. घाबरल्यावर छाती धडधडते, बोटं थरथरतात, बारीक कामं होत नाहीत, किल्ली कुलपात जात नाही तेव्हा जे होतं तेच. (प्रयोग करताना हातात चाकू नको, कंगवा घ्या.)

अंतराचं गणित तर आणखी वाईट आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचा टुलर नावाचा एक पोलीस अधिकारी होता, त्याने १९८३ मधे लिहिलं की चाकू घेतलेला माणूस साधारण २१ फुटांवरून दीड सेकंदात तुमच्यापर्यंत पोहोचतो. हे त्याने कंबरेला पिस्तूल लावलेल्या, ट्रेनिंग झालेल्या पोलिसांना सावध करायला लिहिलं होतं. तुमच्या चाकूला तर आधी पर्सची चेन आहे.

आणि उघडलाच समजा, तर पुढे काय? ऑनलाइन मिळतात त्यातल्या बऱ्याच स्वस्त चाकूंना लॉक नसतं, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उभं राहतं, कशात तरी जोरात खुपसलं की ते उलटं मिटतं आणि मिटताना मधे तुमचीच बोटं असतात. लॉक असलं तरी मूठ आणि पातं यांच्यामधे अडसर नसतो, हाताला घाम किंवा रक्त लागलं की पंजा पुढे धारेवर सरकतो. समोरचा वजनाने जास्त असेल तर मनगट पिरगाळून चाकू काढून घेणं त्याला फार अवघड नाही, आणि मग ज्या प्रसंगात हत्यारच नव्हतं तिथे आता एक आहे आणि ते त्याच्या हातात आहे. सिनेमात वार झाला की माणूस लगेच कोसळतो, प्रत्यक्षात दारू प्यायलेल्या किंवा चवताळलेल्या माणसाला छोटी जखम झालेली कळतसुद्धा नाही काही वेळ.

पळायला मिळालेले चार-पाच सेकंद आणि आजूबाजूला कळलं पाहिजे, तुम्हाला खरं हे दोनच हवंय. फोन पर्समधे नाही, हातात. २०१७ पासून आपल्याकडच्या फोनला पॅनिक बटण सक्तीचं आहे, स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, पण प्रत्येक कंपनीने सेटिंगमधे थोडं इकडे तिकडे केलंय (काहींना पाचदा लागतं), म्हणून आजच सेटिंग उघडून बघा. ११२ सेव्ह नका करू, पाठ असू दे. ट्रेनमधे असाल तर रेल्वेचा १३९, आणि मुंबईच्या लोकलला लोहमार्ग पोलिसांचा १५१२. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, तो कुठल्या डब्यात चढतो बघून तिथेच बसा, लाजायचं काही कारण नाही. स्टेशन ते घर या पंधरा मिनिटांत कुठलं मेडिकल, कुठला एटीएम, कुठला वडापाववाला बाराला उघडा असतो ते माहीत असू दे, आणि शिट्टी किंवा तो पिन ओढली की कर्कश्श वाजणारा छोटा अलार्म किल्लीला लावा. आणि हॉस्पिटलला सांगा की महिला स्टाफला रात्री सोडायची गाडी ही तुमची मेहेरबानी नाही, आम्हाला रात्री राबवताय तर ती तुमची जबाबदारी आहे. हे एकटीने नको, पाच-सहा जणींच्या सह्या घेऊन लेखी द्या.

प्रश्न (गिरगाव) : २०१३ मधे दिल्लीच्या त्या भयंकर प्रकरणानंतर शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले होते, माझ्याकडे अजून आहे तो. तेव्हा कोणी बेकायदा म्हटलं नाही, आणि आता तुम्ही घाबरवताय!

काकू, वाटले होते हे बरोबर, जानेवारी २०१३, पेपरात फोटो पण आले होते. छोट्या पात्याचे होते आणि वाटणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं की इंचात बसतात. पण पक्षाने वाटला म्हणून तो मनाई आदेशातून सुटत नाही. तुम्ही पुढे लिहिलंय की सध्या त्याने लिंबं कापता, उत्तम, तेच चालू ठेवा.

प्रश्न (पुणे, सिंहगड रोड) : मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगला जातेय, हॉस्टेलला राहणार. तिच्या बॅगेत एक चांगला स्विस चाकू ठेवून द्यावा असं मला वाटतं. बापाच्या मनाचं समाधान म्हणा.

समाधान तुमचं होईल, पण कटकट तिला होईल. हॉस्टेलच्या नियमात धारदार वस्तू बहुतेक ठिकाणी नको असतात, रेक्टरच्या तपासणीत निघाला तर घरी फोन येणार आणि अठरा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे पहिल्याच महिन्यात शेरा. तुम्ही पुण्याचे आहात, कोयता गँगच्या बातम्यांनंतर पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला सांगितलं होतं ते आठवत असेल, एकूण वातावरण असं आहे की तरुण मुलांच्या बॅगेत काही पातं निघालं तर कोणी हसून सोडत नाही.

दुसरं जरा स्पष्ट लिहिते, रागावू नका. तुमच्या डोळ्यासमोर अंधारी गल्ली आणि अनोळखी गुंड आहे. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या बहुतांश गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो, नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं आमिष दाखवणारा. त्या माणसासमोर मुलगी चाकू काढत नाही, काढूच शकत नाही, कारण तो वाईट आहे हे कळेपर्यंत तो "आपला" असतो. तिथे कामाला येतं ते एवढंच की रात्री दोन वाजता "बाबा, मला घ्यायला या" किंवा "मी चुकीच्या ठिकाणी आलेय" असा फोन करताना तिला तुमच्या ओरडण्याची भीती वाटू नये. नागपूरला ओळखीचं एक घर बघून ठेवा, तिला त्यांच्याकडे आधीच एकदा जेवायला पाठवा, म्हणजे अडचणीत पहिल्यांदा दार वाजवायची वेळ नको. कराटे किंवा ज्युडोचा क्लास लावणार असाल तर वर्षभर लावा, एका दिवसाच्या सेल्फ डिफेन्स शिबिराने फोटो चांगले येतात.

स्विस चाकू द्यायचाच तर कात्री आणि स्क्रू-ड्रायव्हरसाठी द्या आणि तो खोलीत राहू दे. आणि विमानाने जाणार असेल तर केबिन बॅगेत अजिबात नको, सिक्युरिटीला काढून घेतील.

प्रश्न (कोल्हापूर, लॉ सेकंड इयर) : मॅडम, समजा एखाद्याने वापरलाच चाकू. खाजगी बचावाचा हक्क आहे ना मग?

आहे, आणि चांगला भक्कम आहे. आयपीसीची ९६ ते १०६ कलमं तुझ्या सीनियर्सना पाठ असतील, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे ती ३४ ते ४४ आहेत, गाभा तोच. कलम ३८ मधे यादीच दिलीय, मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक कृत्य, अपहरण, ऍसिड हल्ला, आणि पोलिसांकडे दाद मागता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवणं, यात समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही. सुप्रीम कोर्टाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात हे सगळं नीट एकत्र मांडलंय, वाच, परीक्षेलाही येतं. जीव वाचवणाऱ्याच्या प्रतिकाराला सोन्याच्या काट्यावर तोलायचं नाही, ही भूमिका आपली कोर्टं बऱ्याच काळापासून घेत आलीयत.

पण पुस्तकात न दिसणारा क्रम बघ. आधी गुन्हा दाखल होतो. चाकूने साधी दुखापत झाली तरी कलम ११८(१), तीन वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर ११८(२), जिथे वरची मर्यादा जन्मठेप आहे, आणि पोटात किंवा छातीत वार असेल तर पोलीस १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावायला फार वेळ घेत नाहीत. तुमचा हक्क ही तुमची बाजू, ती खटल्यात मांडायची आणि शक्यतेच्या पातळीवर का होईना, पण तुम्हीच दाखवायची. सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल? चाकू घरून घेऊन निघाला होतात ना? रस्त्यावरचा दगड उचलून मारलेला आणि खिशातून चाकू काढून मारलेला, जखम सारखी असली तरी दोन्हीची गोष्ट वेगळी दिसते. कायद्याने चाकू जवळ असल्यामुळे बचावाचा हक्क जात नाही हे नक्की, पण तयारीने आला होता हा वास लागतो आणि तो घालवायला वकिलाला घाम फुटतो.

आणि मालमत्तेचं वेगळं. सोनसाखळी खेचून पळालेल्या पोराच्या मागे धावून त्याला पाठीत भोसकलं तर मी तुझ्या अशिलाला जामीन मिळवून देईन, निर्दोष सुटेल असं नाही सांगणार. जबरी चोरीत हक्क आहे, पण मारहाण किंवा त्याची ताबडतोबची भीती चालू आहे तोपर्यंत. पाठ फिरली की पाठीतला वार बचाव म्हणून पटवणं महाकठीण. कलम ३७ पण विसरू नकोस, पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा नाही.

प्रश्न (नाशिक) : आम्ही दर रविवारी ट्रेकला जातो, चाकू लागतोच, दोरी कापायला, काकडी कापायला. ते पण बेकायदा का?

नाही हो. सॅकमधे खाली, दोरी, टॉर्च आणि काकडीसोबत ठेवा, खिशात किंवा पट्ट्याला लटकवून एसटी स्टँडवर फिरू नका. बटणाने फटकन उघडणारा, काळा, दातेरी, वर कवटी छापलेला घेऊ नका, काकडीला त्याची गरज नसते.

प्रश्न (दिल्ली, यूपीएससीची तयारी करणारी) : इथे मेट्रोत बायकांना छोटा चाकू चालतो असं ऐकलं, मग महाराष्ट्रातच का नाही?

२०१७ मधे सीआयएसएफने, म्हणजे मेट्रोत तपासणी करणाऱ्या केंद्रीय दलाने, तशी मुभा दिल्याच्या बातम्या आल्या होत्या, चार इंचांपर्यंत. पण ती मेट्रोच्या तपासणीपुरती गोष्ट, तपासणारा आत सोडतो म्हणून बाहेरच्या रस्त्यावरचा कायदा बदलत नाही. उलट दिल्लीत १९८० ची एक अधिसूचना आहे, शस्त्र कायद्याच्या कलम ४ खालची, त्यात बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी खाचांवर करकर करत उघडणारे) चाकू येतात, पातं ७.६२ सेंटीमीटर म्हणजे तीन इंच किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर लायसन्सशिवाय चालत नाही. नऊ इंच वाचून निश्चिंत झालेल्यांसाठी दिल्ली हे चांगलं उदाहरण आहे. तिकडे उत्तर प्रदेशात, रामपुरी चाकूच्या रामपूरला, चौकात भलामोठा रामपुरी उभा केलाय सरकारने, सेल्फी काढा, पण विकत घेऊन रेल्वेने घरी आणू नका.

प्रश्न (स्लाव, इंग्लंड) : नवरा नाइट शिफ्टला असतो, मी उशिरा बसने येते. भारतातून येताना आईने घडीचा छोटा चाकू आणि पेपर स्प्रे दोन्ही सामानात टाकलंय.

अगं बाई, स्प्रे आधी! तुमच्याकडे पेपर स्प्रे १९६८ च्या फायरआर्म्स ऍक्टखाली बंदी असलेल्या शस्त्रांमधे येतो, नुसता घरात ठेवला तरी गुन्हा. बसने पोलीस स्टेशनला घेऊन जाऊ नकोस, १०१ ला फोन कर, सांग की असं असं सामानात आलंय, कसं जमा करू, ते सांगतील तसं कर. चाकूचं म्हणशील तर तिथे १९८८ च्या कायद्याने लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू कारण नसतानाही जवळ बाळगता येतो. पण तोच चाकू "कोणी अंगावर आलं तर" म्हणून ठेवलाय असं तू म्हणालीस की १९५३ च्या कायद्याने तो हल्ल्याचं हत्यार ठरतो. तिथे सेल्फ डिफेन्स हे चाकू बाळगायचं कारण म्हणून चालतच नाही. तुमच्याकडे आवाजाचा अलार्म मात्र बिनधास्त चालतो. आईला फोन करून सांग की पुढच्या वेळी मेतकूट पाठव.

प्रश्न (ठाणे) : मग शेवटी पेपर स्प्रेच का? तो तरी लीगल आहे ना आपल्याकडे?

आपल्याकडे लायसन्स लागत नाही, मेडिकलमधे, ऑनलाइन मिळतो, आणि चाकूपेक्षा मी तोच सांगेन कारण हातभर लांबून काम होतं आणि समोरचा मरत नाही. पण तो भांडणात मारायचा स्प्रे नाही हं. कर्नाटक हायकोर्टाने २०२४ मधे एका प्रकरणात, जागेवरून वाद झाला आणि स्प्रे मारला गेला, तिथे त्याला घातक हत्यार म्हटलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. अंगावर आलेल्यावर मारा, पार्किंगवरून वाद घालणाऱ्यावर नाही.

घेतलात तर एक बाटली सरावासाठी वाया घालवा, गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, नाहीतर सगळं आपल्याच डोळ्यात. सेफ्टी कुठल्या बाजूला सरकते ते अंगठ्याला माहीत झालं पाहिजे. बंद रिक्षात किंवा लिफ्टमधे मारलात तर तुम्हीही खोकणार, म्हणून दार उघडं असेल तिकडे तोंड ठेवून. एक्सपायरी खाली छापलेली असते, जुनी बाटली नुसती फुस्स करते. मारून झालं की बघत उभं राहायचं नाही, पळायचं आणि ११२ लावायचा. विमानाच्या केबिनमधे चालत नाही, चेक-इनचं एअरलाइनला आधी विचारा. आणि पर्सच्या तळाशी नको, ओढणीआड हातात किंवा बाहेरच्या कप्प्यात, तो कप्पा चेनचा नसेल तर उत्तम.